वॉशिंग मशीन मध्येच थांबले तर: बटणे दाबण्याआधी काय पाहावे

आमच्या घरातले समोरून दार उघडणारे वॉशिंग मशीन एका सकाळी, पडद्यावर १८ मिनिटे शिल्लक असल्याचे दाखवत, साबणाच्या पाण्यात कपडे तसेच ठेवून थांबले. मी घाईघाईने बटण बंद करून पुन्हा चालू केले, प्रोग्रॅम बदलून पाहिला, दार ओढून पाहिले, आणि या खटाटोपात ते नेमके कोणत्या टप्प्यावर अडले होते ही सर्वांत उपयोगाची माहिती पुसली गेली. आलेल्या कारागिराने पाच मिनिटे पाहणी करून बोर्ड, म्हणजे मशीनचे सगळे काम चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेल्याचे सांगितले आणि ७,५०० रुपयांचा अंदाज दिला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांनी मशीनच्या तळाशी असलेला फिल्टर उघडायला लावला, तेव्हा त्यातून फुगून लगदा झालेल्या अक्षता, एक रुपयाचे नाणे आणि केसांची एक पिन निघाली. आदल्या आठवड्यातल्या लग्नाला घातलेला कुर्ता खिसे न तपासता धुवायला टाकला होता. बोर्ड आजही तोच आहे आणि मशीन व्यवस्थित चालते आहे. त्यानंतर नातेवाइकांची आणि सोसायटीतली अशी बरीच मशीन पाहिली. त्या अनुभवातून ही क्रमवार माहिती लिहितो आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल. स्वयंचलित मशीन प्रत्येक टप्प्यावर कशाची तरी वाट पाहत असते: दाराचे कुलूप लागले का, पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत भरले का, पाणी हवे तितके तापले का, सगळे पाणी बाहेर गेले का, ड्रम तोल न जाता फिरतो आहे का. ठरावीक वेळात यांपैकी एखाद्या गोष्टीची पोच मिळाली नाही, की ते पुढे जात नाही. त्यामुळे मध्येच थांबलेले मशीन बहुतेक वेळा बिघडलेले नसते, अडलेले असते, आणि ते कोणत्या टप्प्यावर अडले हे कळले की निम्मे निदान तिथेच होते.

जवळ काय असावे

- उथळ परात किंवा ट्रे, आणि फरशी पुसायची दोन-तीन जाड फडकी
- जुना टूथब्रश
- पक्कड आणि साधा स्क्रू ड्रायव्हर
- विजेरी, किंवा मोबाइलचा दिवा
- १० लिटरची बादली आणि घड्याळ
- मशीनची पुस्तिका, खरेदीचे बिल आणि वॉरंटी कार्ड
- मॉडेल क्रमांक आणि सिरिअल क्रमांक (समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये दाराच्या आतल्या कडेला आणि वरून उघडणाऱ्यात मागच्या बाजूला सहसा स्टिकर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा)

१. काहीही दाबण्याआधी नोंद करा

पडद्याचा फोटो काढा. किती मिनिटे शिल्लक आहेत, कोणता दिवा लुकलुकतो आहे, एखादी खूण किंवा अक्षरे दिसत आहेत का, ड्रममध्ये पाणी आहे का आणि असल्यास कितपत, मशीनमधून घूं-घूं असा आवाज येतो आहे की पूर्ण शांतता आहे, या पाच गोष्टी लिहून घ्या. मशीन बंद करून चालू केले की पडद्यावरची खूण निघून जाते आणि पुढे कारागिराला सांगण्यासारखे तुमच्यापाशी काही उरत नाही.

नेहमी दिसणाऱ्या काही खुणा पाठ असाव्यात. एलजीच्या मशीनवर ‘आयई’ म्हणजे पाणी आत येत नाही, ‘ओई’ म्हणजे पाणी बाहेर जात नाही, ‘यूई’ म्हणजे कपड्यांचा तोल बिघडला आहे आणि ‘डीई’ म्हणजे दार नीट लागलेले नाही. सॅमसंगवर पाणी न येण्याची खूण ‘४सी’ किंवा ‘४ई’ आणि पाणी न जाण्याची ‘५सी’ किंवा ‘५ई’ अशी असते. बॉशच्या मशीनवर ‘ई१८’ दिसल्यास पाण्याचा निचरा अडला आहे असे समजावे. मॉडेलनुसार अक्षरे थोडी बदलतात, म्हणून आपल्या मशीनच्या पुस्तिकेतला तक्ता एकदा पाहून घ्यावा.

२. ते खरोखरच थांबले आहे का?

नवीन मशीन घेतलेल्यांची इथे हमखास फसगत होते. ‘भिजवणे’ हा टप्पा निवडलेला असेल तर ड्रम बराच वेळ स्थिर राहतो आणि अधूनमधूनच एखादा वळसा घेतो. काही प्रोग्रॅममध्ये शेवटच्या खंगाळणीचे पाणी ड्रममध्ये ठेवून थांबण्याची सोय असते, म्हणजे कपड्यांना सुरकुत्या पडत नाहीत. ती चुकून निवडली गेल्यास मशीन पाणी धरून बसते. मुलांसाठीचे कुलूप लागलेले असेल तर कोणतेच बटण दाद देत नाही आणि मशीन गोठल्यासारखे वाटते. शिल्लक वेळ बराच काळ एकाच आकड्यावर अडलेली दिसली, तर मशीन बहुधा कपडे सारखे पसरवण्याचा पुनःपुन्हा प्रयत्न करत असते. म्हणून १० ते १५ मिनिटे शांतपणे थांबा आणि मगच पुढच्या पायरीकडे वळा.

३. वीज

पडदा पूर्ण काळा असेल तर आधी प्लग, मग स्विच आणि मग घराच्या डीबीतला (विजेच्या मुख्य पेटीतला) एमसीबी, म्हणजे जास्त भार आल्यावर आपोआप पडणारा स्विच, पाहावा. पाणी तापवणाऱ्या मशीनमधील हीटर साधारण २,००० वॅटचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला तो एकटाच जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. असे मशीन साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर लावले, की प्लगची पिन तापते, संपर्क ढिला होतो आणि पाणी तापायला लागल्यावरच मशीन बंद पडते. स्विच बंद करून प्लग काढा आणि पिनांभोवती काळसरपणा किंवा जळका वास आहे का ते पाहा. तसे असेल तर इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट करून घ्या.

वीज जाऊन आल्यावर काही मशीन सोडलेल्या जागेपासून आपोआप सुरू होतात आणि काहींना पुन्हा ‘स्टार्ट’ दाबावे लागते. घरात व्होल्टेज कमी-जास्त होत असेल (संध्याकाळी दिवे मंद होणे ही त्याची साधी खूण), तर तीच वेळ मशीन थांबण्याचीही असू शकते. अशा ठिकाणी कपडे सकाळी लावून पाहावेत.

सावधान: मशीन सुरू केल्यावर दर वेळी काही मिनिटांनी, म्हणजे पाणी तापू लागण्याच्या सुमारास, घरातला आरसीसीबी पडत असेल, तर हीटरमधून वीज मशीनच्या अंगात उतरत असण्याची दाट शक्यता असते. ३० मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडणारे हे उपकरण माणसाचा जीव वाचवण्यासाठी बसवलेले असते. ते वगळून थेट जोड देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नका. प्लग काढून ठेवा आणि कारागिराला बोलवा.

४. पाणी आत येते आहे का?

मशीन सुरुवातीलाच किंवा धुणे संपून खंगाळणी सुरू होताना थांबले असेल आणि ड्रम कोरडा किंवा अर्धवट भरलेला असेल, तर दोष पाणी येण्याच्या बाजूला शोधावा.

नळ पूर्ण उघडा आहे आणि पाइपाला मागे पीळ पडलेला नाही एवढे पाहून घ्या. मग नळ बंद करा, प्लग काढा, मशीनच्या पाठीमागचा इनलेट पाइप हाताने फिरवून सोडवा आणि त्याचे तोंड बादलीत धरून नळ उघडा. १० लिटरची बादली भरायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर दाब कमी आहे असे मी धरतो.

आता पाइप जिथून काढला त्या भोकात विजेरीचा प्रकाश टाका. आत नखाएवढी प्लॅस्टिकची जाळी दिसेल. तिच्या मध्याचा उंचवटा पक्कडीने हलकेच धरून सरळ बाहेर ओढा, टूथब्रशने धुवा आणि तशीच परत बसवा. जाळी फाटली असेल तर नवी घ्या, पण जाळीशिवाय मशीन चालवू नका, कारण मग गाळ आतल्या व्हॉल्व्हमध्ये शिरतो आणि पाच मिनिटांचे काम नव्या व्हॉल्व्हच्या खर्चावर जाते. पाइपाच्या नळाकडच्या टोकालाही पुष्कळदा अशीच जाळी असते. ती विसरू नये. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद ठेवले गेले की दुसऱ्या दिवशी येणारे पहिले पाणी गढूळ असते, आणि टँकरच्या पाण्यात बारीक वाळू असते; त्यामुळे आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात या जाळ्या महिन्याभरातच भरतात. पाणी बंद राहून परत आल्यावर आधी दुसरा एखादा नळ काही मिनिटे मोकळा सोडावा आणि मगच मशीन लावावे.

जाळी स्वच्छ असूनही धार बारीक असेल, तर घराचा मजला विचारात घ्यावा लागतो. गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो: १० मीटर उंचीला साधारण १ बार. समोरून उघडणाऱ्या अनेक मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब ०.३ ते १ बारच्या दरम्यान मागितलेला असतो. टाकीचा तळ मशीनच्या नळापासून जेमतेम तीन मीटर वर असेल, तर मिळणारा दाब ०.३ बार, आणि तोही पाइपांतल्या वळणांत थोडा खर्ची पडतो. म्हणून तळमजल्यावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले मशीन सर्वांत वरच्या मजल्यावर राहायला गेल्यावर महिन्याभरात ‘बिघडते’. घर बदलल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर मशीनला दोष देऊ नका. यावर टाकीतून येणाऱ्या लाइनवर लहान प्रेशर पंप बसवणे हा उपाय आहे. महापालिकेच्या लाइनला थेट पंप जोडण्यास मात्र मनाई आहे.

५. पाणी बाहेर जाते आहे का?

माझ्या अनुभवात मध्येच थांबण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे. ड्रममध्ये पाणी साचलेले असते, दार उघडत नाही, आणि मशीन पिळण्याच्या टप्प्याकडे जात नाही.

प्रथम ड्रेन पाइप मशीनच्या मागे भिंतीला दाबला गेला आहे का ते पाहा. झाडलोट करताना मशीन मागे सरकवले गेले की हे घडते. पाइपाचे दुसरे टोक मोरीच्या जाळीत किती आत आहे तेही पाहा. टोक पाण्यात बुडलेले असेल किंवा पाइप पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीपेक्षा (पुष्कळ मशीनना ती जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर लागते) खाली सोडलेला असेल, तर आत येणारे पाणी आपोआप ओढले जाऊन बाहेर वाहत राहते. मग मशीन भरतच नाही आणि चुकीच्या दिशेने, म्हणजे पाणी येत नसल्याची तक्रार करते. नळातून पाणी येते आहे आणि मोरीतही वाहते आहे, असे दिसल्यास हेच कारण समजावे.

त्यानंतर फिल्टर. समोरून उघडणाऱ्या मशीनच्या पुढच्या बाजूला तळाशी, बहुधा उजवीकडे, एक लहान झाकण असते. वरून उघडणाऱ्या अनेक मशीनमध्ये असा फिल्टर नसतो. तिथे ड्रममधली धाग्यांची पिशवी साफ करण्यापलीकडे घरी फारसे काही करता येत नाही. काम या क्रमाने करा:

- प्लग काढा. गरम पाण्याचा प्रोग्रॅम चालू होता का ते आठवा आणि असल्यास पाणी निवण्यासाठी किमान एक तास जाऊ द्या. ६० अंशांचे पाणी हातावर आले तर भाजते.
- झाकणाखाली परात सरकवा आणि भोवती फडकी अंथरा.
- फिल्टरशेजारी बोटाएवढी जाड रबरी नळी असेल, तर तिचे बूच काढून पाणी परातीत घ्या. परात भरली की बूच लावा, परात रिकामी करा आणि पुन्हा सुरू करा. भरलेल्या ड्रममधून आठ-दहा परातीसुद्धा निघू शकतात; इथे घाई केली तर सगळे पाणी फरशीवर येते.
- धार पूर्ण थांबल्यावरच फिल्टर डावीकडे हळूहळू फिरवून बाहेर काढा.

आमचा फिल्टर पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा तो राखाडी, बुळबुळीत धाग्यांत इतका लपेटलेला होता की खालचे प्लॅस्टिक दिसत नव्हते, आणि साचलेल्या डबक्यासारखा वास घरभर पसरला. तो नळाखाली ब्रशने धुवावा. पण एवढ्यावर थांबू नये. फिल्टर निघालेल्या पोकळीत विजेरी धरून खोलवर पाहावे. तिथे पंपाचा छोटा पंखा दिसतो. लाकडी काडीने तो हलकेच फिरवून पाहावा. तो अडखळत, हिसके देत फिरला तर काळजी नको, कारण आत चुंबक असल्याने तसे होणे स्वाभाविक आहे. मुळीच फिरत नसेल तर दोरा, केस किंवा एखादी पिन त्यात अडकली आहे. आमची केसांची पिन याच पंख्यात रुतली होती आणि फिल्टर साफ केल्यावरही ती काढेपर्यंत पंप नुसता घूं-घूं करत होता.

फिल्टर परत बसवताना आटे नीट जुळवून पूर्ण आवळा, रबरी नळीचे बूच लावा, आणि मग केवळ निचरा किंवा पिळण्याचा प्रोग्रॅम लावून पाहा. पंपाचा आवाज येऊन मोरीत जोराची धार पडली तर काम झाले. आवाज येतो पण पाणी हलत नाही, तर पाइपात बोळा अडकला आहे. आवाजच येत नाही, तर पंप जळला आहे किंवा त्याची वायर तुटली आहे. जुन्या इमारतींत आणि तळमजल्यावर खालून उघड्या असलेल्या मशीनमध्ये उंदीर शिरून वायरी कुरतडतात, हे कारागिराला आवर्जून तपासायला सांगा.

६. पिळताना थांबते

एकटी जाड चादर, एकच जीनची पँट किंवा पायपुसणे टाकले की सगळे वजन ड्रमच्या एका बाजूला जाते. मशीन ड्रम उलटसुलट फिरवून, काही वेळा पुन्हा पाणी घेऊन, ते वजन पसरवायचा प्रयत्न करते आणि शेवटी थांबते. दार उघडून कपड्यांचा गोळा सोडवा, सोबत दोन-तीन टॉवेल टाका आणि पुन्हा पिळायला लावा. उशीच्या अभ्र्यात इतर कपडे शिरून बोचके झाले असेल तर तेही मोकळे करा.

दर वेळी असेच होत असेल, तर मशीनच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने हात दाबून ते डुलते का पाहा आणि खालचे पाय फिरवून पातळी करा. नवीन मशीन पहिल्याच दिवशी थरथरून थांबत असेल, तर मागच्या बाजूचे वाहतुकीचे बोल्ट (ने-आण करताना ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढायचे राहिले आहेत का ते सर्वांत आधी पाहावे.

७. दार

दार लागल्यावर ‘खट्’ असा आवाज आला पाहिजे. तो येत नसेल तर रबरी कडेत मोज्याचे किंवा बाहीचे टोक अडकले आहे का पाहा. उलट, मशीन थांबल्यावर दार उघडत नसेल तर ते ओढू नका. वीज तोडल्यानंतर अनेक कुलपे एक ते तीन मिनिटांनी निवून सुटतात, आणि आत पाणी असेल तर ते काढल्याशिवाय सुटत नाहीत. हिसका देऊन कडी तुटलेली दोन मशीन मी पाहिली आहेत, आणि दोन्हींचा मूळ दोष फक्त तुंबलेला फिल्टर होता.

८. फेस आणि क्षार

हाताने धुण्याची पावडर मशीनमध्ये घातली की फेस बेसुमार होतो, पंपाला पाण्याऐवजी फेस मिळतो आणि निचरा अडतो. काचेतून ड्रम पांढराशुभ्र दिसत असेल तर अर्धा तास थांबा, फेस बसू द्या आणि पावडर न घालता एक खंगाळणी द्या. बोअरच्या जड पाण्याने हीटरवर क्षारांचा थर चढतो आणि पाणी तापायला वेळ लागून प्रोग्रॅम रेंगाळतो. दोन महिन्यांतून एकदा रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, घालून ६० अंशांचा प्रोग्रॅम चालवावा. त्याच वेळी ब्लीच मात्र घालू नये, कारण दोन्हींच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो.

९. कारागीर बोलावताना

वरचे सगळे करूनही मशीन थांबत असेल, तर पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, मोटर, दाराचे कुलूप किंवा बोर्ड यांपैकी काहीतरी असेल, आणि ते घरी उघडण्याचे काम नाही. वॉरंटी शिल्लक असताना पाठीमागचे पत्रे स्वतः उघडले तर ती नाकारली जाऊ शकते.

कंपनीचा संपर्क क्रमांक पुस्तिकेवरून किंवा मशीनवरच्या स्टिकरवरूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेले सेवा केंद्रांचे क्रमांक अनेकदा भामट्यांचे असतात. ते आधी दहा रुपये भरायला सांगतात, मग एखादे अॅप मोबाइलवर घ्यायला लावतात आणि खाते रिकामे करतात. असे घडलेच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. सेवेविषयीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

कारागीर आला की पहिल्या पायरीत काढलेला फोटो दाखवा आणि फिल्टर, जाळी, पाइप तपासून झाल्याचे सांगा. बोर्ड बदलायचा असल्यास तो खराब असल्याचे कशावरून ठरवले, हे विचारण्यात संकोच करू नका. मला तेव्हा तो प्रश्न सुचला नव्हता. भेटीचे शुल्क, सुट्या भागाची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, बिलावर बदललेल्या भागाचे नाव आणि त्याची वॉरंटी नोंदवून घ्या, आणि काढलेला जुना भाग मागून घ्या.

तो घरात असतानाच रिकाम्या ड्रमने सर्वांत छोटा प्रोग्रॅम लावा आणि शेवटपर्यंत मशीनजवळ थांबा. दाराचे ‘खट्’, पाणी भरण्याचा आवाज, मोरीत पडणारी धार आणि पिळण्याचा चढता वेग, या चार गोष्टी ओळीने पाहिल्यानंतरच पैसे द्या.